होलमधून निघालेला प्लग: पुण्यात गोल्फ कोर्स सांभाळायला आलेल्या नव्या माणसासाठी

कोर्सवर रुजू झालात की पहिला आठवडा मशिनवर बसू नका. सकाळी सहाला होल बदलायला निघालेल्या माळीमामांच्या मागे मागे फिरा. होल कटर ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, उभा धरून फिरवत दाबला की १०८ मिलिमीटर रुंदीचा, वीतभर उंचीचा मातीचा प्लग वर येतो. हाच प्लग कालच्या होलात बसवायचा असतो. तो बसवण्याआधी मागून घ्या आणि आडवा धरून नीट बघा. वरचा तपकिरी, स्पंजासारखा थर किती जाड आहे? पांढरी मुळं किती खोल गेली आहेत? मध्येच काळा पट्टा आहे का? नाकाजवळ न्या. सडक्या अंड्याचा वास आला तर खाली हवा पोचत नाही, पाणी साचून राहिलं आहे. माती परीक्षणाला पैसे पडतात. हे परीक्षण रोज अठरा ठिकाणी फुकट होतं आणि बहुतेक कोर्सवर त्याकडे कोणी बघत नाही.

सभासद रंग बघतात. रंग युरियाने आठवड्याभरात आणता येतो, मुळं यायला अख्खा हंगाम जातो. पुण्यात तर प्रत्येक हंगामाचं काम आदल्या हंगामातच करून ठेवावं लागतं. जुलैत ग्रीनवर पाणी तुंबलं की सगळे पावसाला शिव्या देतात. खरं तर चूक मे महिन्यातली असते.

आधी गवताची ओळख

ग्रीनवरचं गवत म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वांचंच बुटकं, संकरित भावंड. टिफड्वार्फ, टिफईगल ही नावं कानावर पडतील. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या कापलेल्या पट्ट्यावर, बहुधा साधी हरळी किंवा टिफवे असते. शेतकरी घरातून आलेल्या माळ्यांना याची गंमत वाटते. बापाने जन्मभर शेतातून जी हरळी खणून काढली, ती इथे पगार घेऊन वाढवायची!

कापणीची उंची पाठ करून टाका. ग्रीन ३ ते ४ मिलिमीटर, म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन नाणी. टी (पहिला फटका मारायची जागा) ८ ते १२, फेअरवे १२ ते १८, रफ (बाजूचं वाढू दिलेलं गवत) ४० च्या वर. एका कापणीत पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. हा नियम मोडला की गवत मुळांतला साठा खर्चून पानं काढतं आणि आठवड्याने प्लगमधली मुळं आखूड दिसतात. ग्रीनवर कापणीची दिशा रोज बदला, नाहीतर गवत एकाच अंगाला झोपतं.

मशिनचं पातं धारदार आहे का, हे बघायला सकाळच्या पेपरची पट्टी पुरते. सिलिंडर मोअरची फिरती पाती आणि खालचं स्थिर पातं यांत ती पट्टी धरून सिलिंडर हळू फिरवा. बोटं लांब ठेवा आणि मशिन अर्थातच बंद हवं. पेपर कात्रीसारखा कापला गेला तर ठीक. नुसता दुमडला तर ते मशिन वर्कशॉपला. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दुपारपर्यंत ग्रीनवर पांढुरकी झाक येते आणि नवखा माणूस त्याला रोग समजून औषध फवारतो.

आणखी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात करा: स्वतःचं पर्जन्यमापक बसवा. शहराचा वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास सांगतात, पण तो सगळीकडे सारखा नाही. बावधन-खडकवासल्याकडे धो धो कोसळत असताना येरवडा-खराडीकडे नुसती भुरभुर असते. पेपरातल्या आकड्यावर पाणी द्यायचं ठरवलंत तर फसाल.

वर्षाची सुरुवात मे महिन्यात

कोर्सचं खरं वर्ष रोहिणी-मृगाच्या तोंडावर सुरू होतं. मेमध्ये ऊन कडक असतं, रात्री गरम असतात, हरळी जोमात वाढते. त्यामुळे ग्रीनला जखम करायची आणि ती भरून यायला वेळ द्यायचा, तो हाच महिना. या कामाला आम्ही ‘टोचणं’ म्हणतो. मशिनच्या पोकळ सुया ग्रीनमधून बोटाएवढ्या मातीच्या कांड्या उपसतात आणि त्या भोकांत वाळू भरायची असते. पाणी खाली जायला आणि हवा आत यायला वाट मिळते, वरचा स्पंजही कमी होतो.

हिशोब करून घ्या. १२ मिलिमीटरची सुई, ५ सेंटिमीटर अंतरावर, साडेसात सेंटिमीटर खोल, म्हणजे चौरस मीटरला ४०० भोकं. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनची भोकं भरायला आणि वर दोन-अडीच मिलिमीटरचा थर द्यायला साधारण एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, वाळू लागते. अठरा ग्रीनना अठरा ब्रास. ती मेमध्ये शोधायला निघालात तर मिळेल ती घ्यावी लागते, म्हणून मार्चमध्येच सांगून ठेवा.

वाळूच्या बाबतीत भीड बाळगू नका. नदीची वाळू आता मिळणं अवघड, त्यामुळे दगड फोडून केलेली क्रश सँड पुढे येते. तिच्यात भुकटी असते आणि ती भुकटी ग्रीनमध्ये गेली की सिमेंटसारखी बसते. ट्रक रिकामा होण्याआधी एक काचेची बाटली तिसरा हिस्सा वाळूने भरा, वर पाणी घाला, जोरात हलवा आणि ठेवून द्या. तासाभराने वाळूच्या डोक्यावर चिखलाचा ठसठशीत थर दिसला तर ट्रक परत. ड्रायव्हर वैतागेल, चालकाचा मालक फोन करेल, तरी परत. अर्धा ते एक मिलिमीटरचे दाणे जास्त असलेली, धुतलेली वाळू हवी. आणि एकदा जी वाळू धरली तीच वर्षानुवर्षं. दर वर्षी वेगळी घातली की प्लगमध्ये केकसारखे थर दिसतात आणि प्रत्येक थराच्या सांध्यावर पाणी अडतं.

टोचल्यावर दोन-तीन आठवडे ग्रीन विद्रूप दिसतं, पटिंग करताना चेंडू उड्या मारतो. सभासद बोलणारच. टोचायच्या तारखा क्लबच्या कॅलेंडरवर टूर्नामेंटच्या आधी लिहून घ्या. नंतर जागा मिळत नाही.

मेमधलं दुसरं मोठं काम निचऱ्याचं. आपल्याकडची काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. त्या हालचालीत पाइप सरकतात, कार्टचा रस्ता उचलला जातो. सगळे चर, चेंबर, जाळ्या उघडून साफ करा. प्रत्येक पाइपात वरून टँकरचं पाणी सोडा आणि खालच्या तोंडाशी माणूस उभा करा. ‘आलं, आलं’ अशी हाक आली तरच तो पाइप चालू धरायचा. तळ्याची पातळी तळाला गेलेली असते तेव्हाच गाळ काढून घ्या, आणि जलपर्णीचं एकही रोप शिल्लक ठेवू नका. एका रोपाचं काय होतं ते मुळा-मुठेवर कोणत्याही पुलावरून दिसतं.

याच महिन्यात क्लबहाउसची गच्ची, पन्हाळी, पंपहाउसचं अर्थिंग आणि पॅनेलचे दरवाजे तपासून होतात. कार्टच्या चार्जिंग शेडमध्ये पावसाची झड कुठून येते ते जुन्या ड्रायव्हरला विचारा, आर्किटेक्टला नको.

वळीव, वीज आणि हुमणी

पहिला वळीव आला की वीज येते. इथे वाटाघाटी नाहीत. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की भोंगा वाजवायचा, सगळे आत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कोणी बाहेर पडायचं नाही. झाडाखाली थांबणं सगळ्यात वाईट. भोंगा कॅडी आणि माळ्यांसाठीही आहे, हे बजावून सांगा. साहेब खेळत राहिले म्हणून कॅडीही बॅग धरून उभा, असं होता कामा नये.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीनंतर कडुनिंबाच्या आणि बाभळीच्या झाडांखाली टॉर्च घेऊन जा. पहिल्या पावसानंतर जमिनीतून तपकिरी भुंगेरे बाहेर पडतात आणि या झाडांचा पाला खायला जमतात. हीच हुमणीची आई. उसाच्या शेतकऱ्याला विचारा, तो कपाळाला हात लावेल. फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्याच्या बादलीत टाका, प्रकाश सापळे लावा. ही मोहीम पहिल्या दोन-तीन पावसांपुरतीच चालते. चुकलात तर त्यांची अंडी जमिनीत जातात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या अळ्या मुळं खातात. तेव्हा फेअरवेचं गवत सतरंजीसारखं गुंडाळून उचलता येतं. अळी मारणारी मेटारायझियम बुरशी ओलसर जमिनीत चांगली लागू पडते, म्हणजे तिची वेळ पावसाच्या सुरुवातीची.

कावळे, साळुंक्या एखाद्या जागी सारख्या टोचा मारताना दिसल्या तर हाकलू नका, खाली वाकून बघा. बादलीभर पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण घालून चौरस मीटरभर ओता. लष्करी अळी असेल तर पाच-दहा मिनिटांत वर येते.

टिटव्यांची घरटीही याच सुमारास उघड्या जमिनीवर असतात. घरटं म्हणजे चार खड्यांतली चार ठिपकेदार अंडी. भोवती चार खुंट्या आणि दोरी लावा, मोअर वळवून न्या. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, असं आमचे मामा दर वर्षी सांगतात. वर्षाआड खरं होतं.

पावसाळा: मशिन शेडमध्ये ठेवायला शिका

पावसाळ्यात नव्या माणसाचा हात ट्रॅक्टरवर शिवशिवतो, कारण गवत डोळ्यांदेखत वाढत असतं. टाचेने जमीन दाबा. बुटाभोवती पाणी वर आलं की जड मशिन बाहेर काढायचं नाही. एका फेरीत पडलेली चाकोरी दिवाळीपर्यंत दिसते. मग आठवडाभर हातमशिनने कापा, रफ वाढू द्या. ढगाळ दिवसांत उन्हाअभावी गवत कमजोर असतं, म्हणून ग्रीनची उंची अर्धा ते एक मिलिमीटर वाढवा. ग्रीनवर चेंडूचा वेग कमी झाला म्हणून कोणी कर्नलसाहेब तक्रार करतील. त्यांना प्लग दाखवा. मी दाखवतो. मुळं बघितल्यावर निम्मे तरी गप्प होतात.

पाऊस थांबल्यावर तासाभराने कोर्सभर फिरा. जिथे पाणी उभं आहे तिथे लाल चिंधी बांधलेली बांबूची खुंटी ठोका आणि फोटो काढा. चर आत्ता खणायचा नाही, हिवाळ्यात. पण हिवाळ्यात ती जागा कोरडी ठक्क असते आणि कोणालाच नक्की आठवत नाही, म्हणून खुंटी.

बुरशीचे रोग याच दिवसांत येतात. नाण्याएवढे पिवळट ठिपके म्हणजे बहुतेक डॉलर स्पॉट, आणि तो पुष्कळदा नत्र कमी पडल्याची खूण असतो. सकाळी कापसासारखी जाळी आणि तेलकट, चिकट डाग दिसले तर पिथियम. तो एका रात्रीत पाण्याच्या वाटेने पसरतो, त्या ग्रीनवरचं मशिन धुतल्याशिवाय दुसऱ्या ग्रीनवर नेऊ नका. सावलीतल्या ग्रीनवर शेवाळ धरतं. त्याला औषधापेक्षा ऊन, वारा आणि हलकं टोचणं जास्त मानवतं. बुरशीनाशक मारायचंच झालं तर लेबलवर लिहिलेलं प्रमाण, हातमोजे, मास्क, आणि दर वेळी तेच ते औषध नको.

तणांत लव्हाळा सगळ्यात चिवट. वरून उपटलात तर जमिनीत गाठ राहते आणि एकाच्या जागी तीन उगवतात. खुरप्याने गाठीसकट काढा. गाजरगवत फुलायच्या आधी उपटा. भारतात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं तेही १९५० च्या दशकात, आपल्या पुण्यातच, त्यामुळे त्याचा बंदोबस्त करणं हे आपलंच कर्तव्य म्हणायला हरकत नाही. हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते.

बंकरची, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांतली, वाळू प्रत्येक मोठ्या सरीनंतर उतारावरून खाली येते. खोऱ्याने परत वर ओढा: तळाला १० सेंटिमीटर, उतारावर ५. तळ्यात गप्पी मासे सोडा. कार्टच्या रस्त्यावरचं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढा, पण ते पाणी ग्रीनकडे वाहू देऊ नका. रफमध्ये चेंडू शोधायला हात घालायचा नाही, आधी काठी. घोणस तिथे असते आणि ती हलत नाही. माळ्यांना गमबूट हा खर्च नाही, गरज आहे.

ऑक्टोबर

परतीचा पाऊस गेला की पहिल्या पंधरवड्यात ग्रीन दुसऱ्यांदा टोचून घ्या, या वेळी बारीक सुयांनी. उशीर केलात तर थंडीच्या आधी भोकं भरत नाहीत आणि ती जानेवारीपर्यंत तशीच राहतात.

पावसाने धुऊन गेलेलं खत भरून काढायची हीच वेळ. ग्रीनवर एका वेळी चौरस मीटरला २ ते ३ ग्रॅम नत्र पुरे. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला म्हणजे युरिया सव्वादोन ते सव्वातीन किलो, आणि लगेच वर पाणी. मी नवखा असताना एका कोर्सवर घाईघाईत दहिवरावरच युरिया फेकला होता. दुपारी बाराला ग्रीनवर माझ्या हाताच्या फेकीचे पिवळे अर्धगोल उमटले होते, आणि ते पुसले जाईपर्यंत तीन आठवडे मी क्लबहाउसच्या मागच्या दाराने ये-जा करत होतो.

थंडी: खेळ सर्वात जास्त, वाढ सर्वात कमी

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास उतरतं. हरळी मरत नाही, पण सुस्तावते, जांभळट-तपकिरी होते. आणि नेमके याच महिन्यांत सगळे खेळायला येतात. गवत जेवढं झिजतं तेवढं भरून येत नाही. त्यामुळे होल रोज लांब हलवा, टीचे मार्कर पुढे-मागे करा, ग्रीनवरून उतरायच्या वाटा दोरी लावून बदला. वेग हवा असेल तर उंची आणखी खाली नेऊ नका, हलका रोलर फिरवा. युरियाने रंग आणायचा मोह टाळा. पालाश द्या, थोडं लोह फवारा. थंड मुलखात हरळीवर रायगवत पेरतात, ते इथे करायची गरज नाही. उन्हाळा येताना तेच रायगवत हरळीच्या उरावर बसतं.

पहाटे दव पडतं. लांब, लवचीक बांबू ग्रीनवरून फिरवून ते झाडून टाका. पान जितका वेळ ओलं, तितकी बुरशीला सवड.

चेंडूच्या आघाताने पडलेले खड्डे थंडीत लवकर भरत नाहीत. काट्याने कडा मधल्या बाजूला ढकलायच्या. खालून वर उचललं की मुळं तुटतात. एका ग्रीनजवळ आम्ही पाटी लावली होती: ‘खड्डा तुमचा आहे, दुरुस्तीही तुमचीच. काटा विसरला असल्यास कॅडीकडे मागावा, बहाणा सांगू नये.’ दोन तक्रारी आल्या आणि खड्डे निम्म्यावर आले.

खुंट्या ठोकल्या होत्या तिथे आता चर खणा: शंभराला एक उतार, छिद्रांचा १०० मिलिमीटर पाइप, भोवती खडी, वर वाळू. काळा पाषाण लागला तर फोडत बसण्यापेक्षा चराची वाट बदला. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून कोणत्या झाडाची सावली कोणत्या ग्रीनवर किती वाजेपर्यंत राहते ते याच दिवसांत टिपून ठेवा. फांदी छाटण्यापूर्वीही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तो अर्ज आत्ताच करा. गुलमोहर आणि सुबाभळीच्या जड फांद्यांचा समावेश त्यात नक्की असू द्या, पहिल्या वादळात त्याच पडतात. एकेक मशिन उघडून पाती ग्राइंड करायलाही हाच निवांतपणा.

होळीनंतर: पाण्याचा हिशोब

एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. अठरा ग्रीनचं क्षेत्र ९ हजार चौरस मीटर धरा. उन्हाच्या दिवसात ५ मिलिमीटर द्यायचं तर ४५ हजार लिटर, म्हणजे दहा हजारी साडेचार टँकर, आणि हे नुसत्या ग्रीनना. खडकवासल्याच्या धरणसाखळीवर शहर तहान भागवतं, त्यामुळे कोर्सला सांडपाणी शुद्ध करून मिळालेलं पाणीच वापरायची मनाची तयारी ठेवा. पाणी कमी पडलं तर क्रम ठरलेला: ग्रीन, टी, मग फेअरवेचा चेंडू पडतो तो भाग. रफला नाही. रफ पिवळा पडतो आणि मृगात परत येतो, हरळीला हे नवं नाही.

शुद्ध केलेल्या सांडपाण्यात क्षार असतात. एप्रिलमध्ये प्लगच्या माथ्यावर पांढरट पापुद्रा दिसू लागला की एका रात्री नेहमीच्या दुप्पट-तिप्पट पाणी सावकाश देऊन क्षार खाली धुऊन काढा. अर्थात खालचा निचरा चालू असेल तरच, नाहीतर उलटं होईल. या पाण्याचे पाइप पिण्याच्या पाण्यापासून वेगळे हवेत, आणि प्रत्येक नळावर ‘पिण्यासाठी नाही’ ही पाटी मराठी आणि हिंदीत, चित्रासकट.

स्प्रिंकलर सगळीकडे सारखं पाणी टाकतो हा भ्रम एकदा मोडून घ्या. कँटीनमधल्या पंधरा-वीस सारख्या वाट्या ग्रीनवर मांडा, वीस मिनिटं पाणी सोडा आणि प्रत्येक वाटीतलं पाणी पट्टीने मोजा. एका वाटीत दुसरीच्या तिप्पट निघतं. आधी नोझल साफ करा, तिरके झालेले सरळ करा, मग वेळ वाढवायचा विचार. पाणी पहाटे, खोल आणि एकाआड एक दिवस. दुपारी ग्रीन निळसर झाक मारू लागलं, पावलांचे ठसे तसेच राहू लागले तर दोन मिनिटांचा शिडकावा, तेवढाच.

वही

शेवटी एक जाड वही घ्या. रोज पाऊस किंवा दिलेलं पाणी, कमाल-किमान तापमान, कापणीची उंची, खत-औषध आणि प्रमाण. आठवड्यातून एकदा तीन ठरलेल्या ग्रीनच्या प्लगमधल्या मुळांची लांबी पट्टीने मोजून. मामांना नक्षत्रावरून आठवतं, ‘हस्ताचा पाऊस लागला त्या वर्षी सातव्या ग्रीनला रोग आला होता,’ तेही त्यांच्याच शब्दांत लिहा, मामा निवृत्त झाले की ते कुठेच मिळत नाही. दहा मिनिटांचं काम आहे. वहीला प्लास्टिकचं कव्हर घाला, जुलैत लागेल.